तीनशे कागदी घोडे

गाडीचा जन्म कारखान्यात होतो आणि आयुष्य रस्त्यावर जातं, असा आपला सर्वसाधारण समज असतो. ऑस्ट्रेलियातली एक गाडी याला अपवाद आहे. ती नियमांच्या कागदातून जन्मली, विम्याच्या कागदावर खोटं बोलली, वर्तमानपत्राच्या कागदानं मेली आणि आता लिलावाच्या कागदावर अमर झाली आहे. मधला थोडा काळ ती रस्त्यावरही होती. पण ताशी २२८ किलोमीटरनं जात असल्यामुळे फार लोकांना ती नीट दिसली नाही.

तिचं नाव फोर्ड फाल्कन एक्सवाय जीटीएचओ फेज थ्री. गाडीपेक्षा शासकीय परिपत्रकाला शोभावं असं. १९७१ साली या गाड्या मेलबर्नच्या ब्रॉडमेडोज कारखान्यातून बाहेर पडल्या, सगळ्या मिळून तीनशे. मात्र त्या पिढीच्या कुठल्याही ऑस्ट्रेलियन माणसाजवळ नुसतं ‘फेज थ्री’ म्हणावं. तो आधी आवाज खाली आणतो, मग आपल्या एका काकांकडे ही गाडी होती असं सांगतो आणि शेवटी काकांनी ती मातीमोलानं विकली म्हणून काकांचा उद्धार करतो. अशा सगळ्या काकांची शिरगणती केली, तर ती तीनशेच्या कितीतरी पुढे जाईल. पण भावनेच्या भरात असलेल्या माणसाकडून आकड्यांची अपेक्षा करू नये.

दिसायला ही गाडी चार दारांची, चौकोनी, कुटुंबवत्सल. मागच्या सीटवर तीन पोरं भांडू शकतील एवढी जागा. पुढच्या बाजूला मात्र संशयाला वाव आहे. बॉनेटला भोक पाडून हवा घेण्याचं एक नाक वर काढलेलं आहे आणि ते बॉनेटला जोडलेलं नसून थेट इंजिनवर बसवलेलं आहे. त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाबरोबर तेही थरथरतं. म्हणून त्याला ‘शेकर’ म्हणतात. पुढच्या मडगार्डवर एका कांगारूचं चित्र आहे आणि त्या कांगारूला पायांच्या जागी चाकं आहेत. रंगांची नावंही अशी की दुकानदारानं ती न लाजता कशी उच्चारली असतील, कोण जाणे: वाइल्ड व्हायोलेट, व्हर्मिलियन फायर, यलो ग्लो. सभ्य माणसानं मुलांना शाळेत सोडायला ‘पिसाट जांभळ्या’ रंगाच्या गाडीतून जावं, हे त्या काळात कुणाला खटकलं नाही.

या गाडीची गरज कुणाला होती? खरं सांगायचं तर कुणालाच नव्हती. गरज होती नियमाला.

१९६० साली व्हिक्टोरिया राज्यातल्या फिलिप आयलंडवर पाचशे मैलांची एक शर्यत सुरू झाली. प्रायोजक होती शॉक ॲब्सॉर्बर बनवणारी आर्मस्ट्राँग कंपनी. कल्पना अत्यंत ग्राहकहिताची होती. शर्यतीत उतरणारी गाडी शोरूममध्ये मिळणाऱ्या गाडीसारखीच असली पाहिजे. म्हणजे कुठली गाडी टिकाऊ आहे, हे सामान्य माणसाला घरबसल्या कळेल. तीन वर्षांत गाड्या टिकल्या, रस्ता टिकला नाही. तो इतका उखडला की १९६३ पासून शर्यत न्यू साउथ वेल्समधल्या बाथर्स्टला हलवावी लागली. शॉक ॲब्सॉर्बरवाल्यांना याहून चांगली जाहिरात मिळणं शक्य नव्हतं. पुढे १९६८ पासून ब्रेक लायनर बनवणारी हार्डी-फेरोडो कंपनी प्रायोजक झाली आणि तिथूनच गाड्यांचा वेग असा वाढत गेला की ब्रेक लायनरचीही चैन झाली.

सुरुवातीची काही वर्षं नियम शब्दशः पाळला गेला. लोक आपापल्या परवडणाऱ्या गाड्या घेऊन आले. १९६६ साली तर पहिले नऊच्या नऊ क्रमांक मिनी कूपर एस या चिमुकल्या गाडीनं पटकावले. मग मोठ्या कंपन्यांतल्या कुणीतरी नियम पुन्हा एकदा, सावकाश वाचला. शर्यतीतली गाडी दुकानातल्या गाडीसारखी असली पाहिजे, बरोबर? म्हणजे दुकानातली गाडी शर्यतीतल्या गाडीसारखी असली, तरी नियम पाळला जातोच की!

ज्या देशात नियम वाचण्याचं हे शास्त्र विकसित झालं आहे, त्या देशाविषयी आपल्याला आपुलकी वाटणं साहजिक आहे.

१९६७ साली फोर्डनं फाल्कनमध्ये व्ही-एट इंजिन बसवून ती बाथर्स्टला जिंकवली. पुढच्या वर्षी होल्डन कंपनीनं आपल्या मोनारोत त्याहून मोठं इंजिन घातलं. मग फोर्डनं त्याहून मोठं. ऑस्ट्रेलियात तेव्हा माणसं दोनच पंथांत विभागलेली होती, फोर्ड आणि होल्डन, आणि पंथ वडिलांकडून मिळत असे. बाथर्स्टच्या टेकडीवर दोन्ही पंथांचे भक्त बिअरची खोकी घेऊन तंबू ठोकून बसत आणि परस्परांच्या इंजिनांविषयी तज्ज्ञ मतं व्यक्त करत. दुपारनंतर मतं अधिक तज्ज्ञ होत जात. या चढाओढीच्या शेवटी १९७१ साली जी वस्तू बाहेर पडली, ती फेज थ्री. घरगुती गाडीच्या वेषातली शर्यतीची गाडी. कुठल्याही दुकानात, सव्वापाच हजार डॉलरच्या आसपास, हवी त्यानं घ्यावी.

आता आली कागदोपत्री अडचण. असली गाडी विकायची म्हणजे तिचा विमा आला आणि विमा कंपनीतल्या माणसाला खरं सांगितलं तर त्याला चहा पाजून सावध करावं लागेल. म्हणून आधी ‘एचओ’ या अक्षरांचा उलगडा ठरवण्यात आला: हँडलिंग ऑप्शन. म्हणजे वळणावर गाडी जरा नीट वळावी, म्हणून केलेली एक किरकोळ सोय. आजी-आजोबांसाठी कठडा बसवावा, इतक्या निरागसपणे हे लिहिलेलं असे. ५.८ लिटरचं, ३५१ घनइंची क्लीव्हलँड इंजिन, त्यावरचा भला थोरला हॉली कार्ब्युरेटर, हे सगळं या सोयीत आलं.

मग शक्तीचा प्रश्न. जाहीर आकडा होता ३०० हॉर्सपॉवर. जाणकारांच्या मते खरी शक्ती ३५० ते ३८० च्या घरात होती. जगभरच्या गाड्यांच्या कंपन्या आपले घोडे फुगवून सांगतात. पन्नास-ऐंशी घोडे तबेल्यात लपवून ठेवणारी कंपनी विरळाच. इन्कम टॅक्सच्या भीतीनं माणूस उत्पन्न कमी दाखवतो, तसं हे विम्याच्या भीतीनं शक्ती कमी दाखवणं. तीनशे गाड्या, तीनशे घोडे. आकडा ठरवणाऱ्यानं एका बैठकीत दोन कामं उरकलेली दिसतात.

पेट्रोलच्या टाकीची गोष्ट तर आणखी सरळ. फेज थ्रीची टाकी ३६ गॅलनची, म्हणजे १६४ लिटरची होती. शर्यतीत पेट्रोल भरायला कमी वेळा थांबावं लागावं, हा हेतू. पण नियमानुसार ती टाकी शोरूममधल्या गाडीतही हवी. त्यामुळे कोपऱ्यावरून दूध आणायला निघालेला सद्गृहस्थही बूड टेकण्याआधी १६४ लिटर पेट्रोलची व्यवस्था करून निघू शकत असे. गाडीची भूक पाहता दूध फार लांबून आणायचं नसलं म्हणजे पुरे.

इंजिन फार फिरू नये म्हणून त्याला मिनिटाला ६१५० फेऱ्यांवर लगाम घालणारा रेव्ह लिमिटर होता. वॉरंटीच्या कागदाची काळजी त्यामागे होती. त्या काळातल्या एका छायाचित्रानं या काळजीचं काय झालं, ते दाखवलं. ‘व्हील्स’ मासिकाचे मेल निकल्स यांनी १९७१ मध्ये ही गाडी चाचणीसाठी ह्यूम हायवेवर नेली आणि छायाचित्रकार उवे कुस्नर यांनी चालत्या गाडीत फोटो काढला: स्पीडोमीटरचा काटा १४० मैलांच्या पलीकडे, इंजिनाचा काटा तांबड्या भागात, आणि काचेतून दिसणारा मोकळा रस्ता. मेलबर्न आणि सिडनी यांना जोडणारा हा साधा हमरस्ता. ट्रक, शेतकरी, सुट्टीला निघालेली कुटुंबं, सगळे त्यावरून जात. ऑस्ट्रेलियन मुलांच्या एका पिढीनं हा फोटो कापून भिंतीवर लावला आणि त्याच पिढीच्या आयांनी तो पाहून गाडीच्या किल्ल्या डब्यात लपवल्या असाव्यात.

बाथर्स्टचा माउंट पॅनोरमा हाही वेगळा नमुना. शर्यतीचा मार्ग सहा किलोमीटरहून थोडा जास्त. डोंगर चढायचा, माथ्यावरून वळणं घेत उतरायचं आणि मग कॉनरॉड स्ट्रेट नावाच्या लांबलचक सरळ पट्ट्यावर पाय दाबायचा. सर्वात उंच आणि सर्वात खालच्या ठिकाणांत १७४ मीटरचा फरक. एरवी हा सार्वजनिक रस्ता आहे. त्याच्या कडेला लोकांची घरं आहेत. शर्यतीच्या दिवशी तिथल्या रहिवाशाला गेटबाहेर पडायचं असेल, तर त्यानं आदल्या दिवशीच पडलेलं बरं.

१९७१ च्या शर्यतीत फेज थ्री घेऊन उतरले ॲलन मॉफट. जन्मानं कॅनडाचे, चष्मा लावणारे, कमी बोलणारे. पाचशे मैल, १३० फेऱ्या, सहा तासांहून जास्त वेळ त्यांनी एकट्यानं गाडी चालवली, कारण जोडीदार घेतलाच पाहिजे असा नियम तेव्हा नव्हता आणि मॉफट नियमाबाहेर जाऊन कुणाला स्टिअरिंग देणाऱ्यांतले नव्हते. मध्येच वाऱ्यानं उडालेलं बिअरचं एक रिकामं खोकं येऊन बरोबर गाडीच्या तोंडावर, रेडिएटरसमोर चिकटलं. प्रेक्षकांनी दिवसभर रिकाम्या केलेल्या हजारो खोक्यांपैकी एकाला तरी शर्यतीत भाग घ्यावासा वाटला, हे समजण्यासारखं आहे. अडचण एवढीच की हवा बंद झाली तर इंजिन तापणार. मॉफट काही फेऱ्या तापमानाच्या काट्यावर एक डोळा ठेवून तसेच पळत राहिले. इंजिन तापलं नाही, मॉफटही तापले नाहीत. त्यांनी शर्यत जिंकली. ज्या गाडीच्या नशिबात पदोपदी कागद लिहिला होता, तिला भर शर्यतीतसुद्धा पुठ्ठा चुकला नाही.

त्याच शर्यतीत बिल ब्राऊन यांच्या फेज थ्रीचा टायर डोंगरमाथ्यावर फुटला आणि गाडी प्रेक्षकांच्या कुंपणावरून कोलांट्या घेत गेली. गाडीचा चेंदामेंदा झाला. ब्राऊन किरकोळ जखमांवर सुटले. हँडलिंग ऑप्शनचा याहून कठोर हिशेब कुणी मांडला नसेल.

इथे आपल्या मुंबईचा थोडा संबंध येतो. १९६८ साली लंडन ते सिडनी अशी एक अफाट मोटार-शर्यत झाली. लंडनहून निघालेल्या गाड्या काबूल, दिल्ली करत मुंबईला आल्या आणि इथे ‘चुसान’ नावाच्या बोटीत चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या. त्यात फेज थ्रीच्या थोरल्या बहिणी होत्या, फाल्कन जीटी. त्या सिडनीत तिसऱ्या, सहाव्या आणि आठव्या आल्या आणि सांघिक बक्षीस घेऊन गेल्या. त्याच बोटीत एक ऑस्टिन १८०० सुद्धा होती. तिचे चालक इव्हान ग्रीन, पेशानं पत्रकार. मुंबईच्या गोदीत बोट भरणाऱ्या माथाड्यांना काय कल्पना असणार, की या सगळ्या गाड्यांचं सर्वात मोठं नुकसान ज्याच्या हातून व्हायचं आहे, त्याचीच गाडी आपण शेजारी बांधून ठेवतो आहोत!

कारण २५ जून १९७२ च्या रविवारी सिडनीच्या ‘सन-हेरल्ड’मध्ये पहिल्या पानावर याच ग्रीन यांची बातमी आली. ताशी १६० मैल वेगाच्या गाड्या लवकरच दुकानात येणार आहेत आणि कुणीही पोरगा त्या विकत घेऊ शकेल, असा तिचा आशय. फोर्डची फेज फोर, होल्डनची व्ही-एट टोराना, क्रायस्लरची व्ही-एट चार्जर, सगळ्या यादीत. न्यू साउथ वेल्सचे वाहतूकमंत्री मिल्टन मॉरिस यांनी अशा गाड्यांना चाकं लावलेल्या गोळ्यांची उपमा दिली. इतर राज्यांचीही सरकारं खडबडली. सरकारी खात्यांना गाड्या खरेदी कराव्या लागतात आणि खरेदीची ऑर्डर हाही एक कागदच असतो. त्याची आठवण करून देताच तिन्ही कंपन्यांना आठवड्याभरात सुबुद्धी झाली. पाच वर्षं इंजिन मोठं करत नेलेली माणसं पाच-सहा दिवसांत सुरक्षिततेची पुरस्कर्ती झाली. मोटारींच्या इतिहासात इतक्या कमी वेळात इतका जोरदार ब्रेक कुणी लावलेला नाही. हार्डी-फेरोडोलाही त्याचं श्रेय घेता आलं नाही.

फेज फोरच्या तोवर चारच गाड्या तयार झाल्या होत्या. त्यांच्यावर पडदा पडला. १९७१ ची फेज थ्री ही आपोआप वंशातली शेवटची खरी गाडी ठरली आणि तेव्हापासून तिचं कागदी वैभव सुरू झालं.

सुरुवातीला तिला कुणी विचारत नव्हतं. पेट्रोल महागलं, विमा परवडेना, आणि अनेक फेज थ्री ज्या तरुणांच्या हाती लागल्या, त्यांनी त्या झाडांवर, खांबांवर आणि एकमेकांवर वापरून संपवल्या. म्हणूनच ज्या वाचल्या, त्यांचं मोल चढलं. २०१८ साली एका फेज थ्रीनं लिलावात दहा लाख डॉलरचा आकडा ओलांडला. ती एके काळी जेफ थॉमसनची होती. होय, तोच थॉमसन, ताशी १६० किलोमीटरच्या आसपास चेंडू टाकणारा. ज्याच्या हातातून एवढा वेग सुटतो, त्याला घरी जातानाही काहीतरी तोलामोलाचं लागणारच. १९७७-७८ च्या दौऱ्यात त्याच्यासमोर हेल्मेटशिवाय उभं राहून सुनील गावसकरांनी तीन शतकं ठोकली होती. तेव्हा थॉमसनच्या वेगाचा अनुभव मुंबईकरांना आहेच, फक्त दाराशी उभ्या असलेल्या वेगाचा नाही. पुढे २०२१ मध्ये दुसरी एक फेज थ्री साडेअकरा लाख डॉलरना गेली. त्या वेळच्या दरानं सहा कोटी रुपयांहून जास्त, मूळ किमतीच्या दोनशेपटीहून अधिक. सोनं घेऊन ठेवलेली माणसं या हिशेबानंतर थोडा वेळ गप्प बसतात.

किंमत एवढी झाल्यावर गाडी खरी की खोटी, हा प्रश्न आला. साध्या फाल्कनला शेकर, पट्टे आणि चाकांचा कांगारू चिकटवून फेज थ्री बनवणं अवघड नाही. पण विकत घेणारे बिलंदर असतात. ते आधी गाडीकडे बघतच नाहीत, पत्रिका मागतात. इंजिनावर ठोकलेला क्रमांक, चॅसिसचा क्रमांक, ओळखपट्टी, कारखान्याची नोंद, हे सगळे गुण जुळले पाहिजेत. इंजिन नंतर बदललेलं निघालं, म्हणजे गाडीचं दुसरं लग्न झालेलं. किंमत लगेच खाली. मग कुळाची चौकशी: पहिला मालक कोण, पहिलं बिल कुठं, सर्व्हिसची पुस्तिका आहे का. १९७१ सालच्या पेट्रोलच्या पावत्या जपून ठेवलेल्या गाडीला जो मान मिळतो, तो नुसत्या वेगानं धावणाऱ्या गाडीला मिळत नाही.

जपणुकीचं वेडही मग टोकाला गेलं. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनांत कारखान्यातल्या कामगारानं घाईत मारलेला खडूचा फराटासुद्धा तसाच असावा लागतो. मूळ कामगारानं रंग जिथे धसमुसळेपणानं फवारला, तिथे आताच्या कारागिरानं तोच धसमुसळेपणा भिंगातून पाहून, मोजून, अत्यंत काळजीपूर्वक उठवायचा. तो कामगार हयात असेल आणि त्याला हे कळलं, तर तेव्हाच्या सुपरवायझरनं कापलेला पगार तो व्याजासकट परत मागेल.

आणि चालवणं? सहा कोटींची वस्तू रस्त्यावर नेली, की दगड उडणार, किलोमीटर वाढणार, किंमत उतरणार. म्हणून जगातल्या चार दारांच्या सर्वात वेगवान गाड्यांत जिची गणना झाली, तिला बहुतेक मालक गॅरेजात चादर घालून ठेवतात. काही धीट मालक मात्र ती बाहेर काढतात आणि बाथर्स्टलाही घेऊन जातात. सार्वजनिकच रस्ता, एरवी कुणीही जावं. वेगमर्यादा ताशी साठ. समोरून शेजारच्या आजीबाई भाजी घेऊन येत असतात. ज्या कॉनरॉड स्ट्रेटवर मॉफटनी पाय दाबून धरला होता, तिथून फेज थ्री पहिल्या गिअरमध्ये, इंडिकेटर देत, वळणावर थांबत जाते. आतला माणूस तरीही आनंदात असतो, कारण शेकर थरथरत असतो आणि आवाजावर अजून कुणी मर्यादा घालायचा विचार केलेला त्याला दिसत नाही.

तिथपर्यंत पोचायलाही कागद हवाच. व्हिक्टोरिया राज्यात अशा जुन्या गाड्यांसाठी स्वस्त क्लब परमिट मिळतं. वर्षातले ४५ किंवा ९० दिवस गाडी चालवायची मुभा, मुख्य अट अशी: ज्या दिवशी चालवणार, त्या दिवशी निघण्याआधी नोंदवहीत तारीख टाकून सही करायची. नोंद केली नाही, तर कायद्याच्या नजरेत गाडी बेकायदा. तीनशे म्हणून दाखवलेले ते सगळे घोडे, लपवलेल्यांसकट, अशा रीतीनं एका रेघांच्या वहीपुढे माना खाली घालून उभे राहतात. त्यामुळे फेज थ्रीचे अनुभवी मालक गाडीत जास्तीचा पाना ठेवत नाहीत, जॅकचीही फिकीर करत नाहीत. ते आधी चाचपून बघतात, बॉलपेन चालतंय का.